११८ किलोवॅट जात कुठे होते?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडचे लाइट गेले तो दिवस बऱ्याच जणांना आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या आणि कळवा-पडघ्याच्या ४०० केव्ही लाइन्सची चर्चा दिवसभर टीव्हीवर चालली होती. मी तेव्हा साइटवर होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीत एक डेटा सेंटर आहे, तिथे मी इलेक्ट्रिकल बघतो. नाव सांगत नाही. कोलोकेशन आहे, म्हणजे सर्व्हर क्लायंटचे आणि जागा, वीज, कूलिंग आमचं.

आम्हाला लाइट जायचं टेन्शन नसतं, त्याचीच तर तयारी असते. बाहेरून येणारा २२ केव्हीचा पुरवठा गेला, सहाही यूपीएस बॅटरीवर गेले, दहा-बारा सेकंदांत डीजी (डिझेल जनरेटर) उठले, त्यांचा ब्रेकर लागला, सगळं पाठ केल्यासारखं झालं. आणि मग पॅनलवरचा व्होल्टमीटर चढायला लागला. ४१५ वरून ४३०, ४४५, ४५८. यूपीएसला एवढं व्होल्टेज चालत नाही म्हणून त्यांनी डीजीचा पुरवठा सोडला आणि परत बॅटरीवर गेले, ते गेले की व्होल्टेज खाली यायचं, मग यूपीएस परत यायचे, आले की परत चढायचं. असं तीन वेळा झालं. यूपीएस डीजीचा करंट घ्यायलाच तयार नाही आणि चिलर (कूलिंगचं पाणी गार करणारी यंत्रं) रीस्टार्ट टायमरमुळे अजून बंद, हॉलमधलं तापमान डोळ्यांदेखत वर चाललेलं. आमचे एक जुने टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, ते म्हणाले, "सर, पंप हाताने घेऊ का? डीजीवर मोटर पडू दे आधी." घेतले. दोन चिल्ड वॉटर पंप, मग एक चिलर. व्होल्टेज ४१८ वर येऊन थांबलं, यूपीएस आले ते राहिले. सहा-सात मिनिटांचा खेळ, कुठलाही सर्व्हर बंद पडला नाही, पण माझे हात नंतर अर्धा तास थरथरत होते.

पुढची दीड वर्षं वाटेत वाया जाणारी वीज शोधून ती कमी करायचं जे काम केलं ते या सहा-सात मिनिटांमुळे. ते लिहून ठेवायचं खूप दिवस मनात होतं, कारण आपल्याकडे या विषयावर मराठीत कोणी फारसं लिहीत नाही आणि नवीन पोरं साइटवर येतात तेव्हा त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

डीजीचं आधी सांगतो. आमचे यूपीएस जुने, ४०० केव्हीएचे म्हणजे ३६० किलोवॅटचे, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेले, सिक्स पल्स रेक्टिफायरचे (रेक्टिफायर म्हणजे एसीची डीसी करणारा भाग). सर्व्हरला वीज दोन वेगळ्या वाटांनी जाते, ए साइडला तीन यूपीएस, बी साइडला तीन. सिक्स पल्स रेक्टिफायर लाइनमध्ये हार्मोनिक्स (करंटचा आकार बिघडवणारे जास्त फ्रिक्वेन्सीचे करंट) खूप टाकतो, करंटच्या ३० टक्क्यांपर्यंत, म्हणून त्याच्या तोंडाशी फिल्टर बसवतात आणि त्या फिल्टरमध्ये कपॅसिटर असतात. कपॅसिटरचं माप यूपीएसच्या पूर्ण लोडप्रमाणे ठरतं. पूर्ण लोड असला तर हिशोब बरोबर बसतो. पण आमचे यूपीएस चालत होते २८ टक्क्यांवर, आणि पुरवठा परत आला की यूपीएस लोड हळूहळू उचलतो, कपॅसिटर मात्र क्षणात लाइनवर येतात. म्हणजे डीजीला पहिले काही सेकंद जवळजवळ नुसते कपॅसिटरच दिसतात, लीडिंग लोड, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो. अल्टरनेटरला (डीजीचा वीज तयार करणारा भाग) लीडिंग लोड दिला की तो करंटच त्याच्या एक्सायटेशनला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या जोराला, हातभार लावतो, व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर बिचारा एक्सायटेशन शून्यावर नेतो तरी व्होल्टेज चढतच राहतं. पंपाच्या मोटरी बरोबर उलट, लॅगिंग, त्या डीजीवर आल्या आणि दोघांची वजाबाकी झाली. काकांनी थिअरी वाचली नव्हती पण तीस वर्षांत त्यांनी हे कुठेतरी बघितलं होतं.

रिपोर्ट लिहिताना कारण म्हणून 'यूपीएस लोड कमी' असं लिहिलं आणि तिथेच अडकलो. हे यूपीएस वर्षाचे ३६५ दिवस २८ टक्क्यांवर चालतात. मग असे चालताना ते स्वतः खातात किती?

हे कोणी मोजलंच नव्हतं. आमच्याकडे एनर्जी सेव्हिंग म्हणलं की सगळे चिलरकडे बघायचे, सेट पॉइंट वाढवा, कोल्ड आयल बंद करा, फॅनचा वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी लावा. ते सगळं बरोबरच आहे आणि ते आम्ही केलंही होतं. पण वीज २२ केव्हीला आत येते तिथपासून सर्व्हरच्या पिनेपर्यंत जाताना वाटेत किती गळते हा प्रश्न मीटिंगमध्ये कधी निघाला नाही, कारण ती गळती दिसत नाही, ती नुसती उष्णता होऊन यूपीएस रूममध्ये जाते आणि तिथला एसी ती गुपचूप बाहेर फेकतो.

पहिल्यांदा मी सोपा रस्ता धरला, यूपीएसच्या स्वतःच्या डिस्प्लेवरून इनपुट आणि आउटपुट लिहून काढलं. कार्यक्षमता आली ९३, ९५, आणि एका यूपीएसची चक्क १०१ टक्के. आउटपुट इनपुटपेक्षा जास्त! तेव्हा समजलं की डिस्प्लेवर हे काम होणार नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, आपण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करत असतो. एका साइडला ३५० किलोवॅट आत जातात आणि ३०८ बाहेर येतात, तर ३५० मध्ये १ टक्का चूक म्हणजे साडेतीन किलोवॅट, तीच चूक बाहेरच्या बाजूला उलटी असली तर सात. शोधायचे आहेत चाळीस-बेचाळीस आणि त्यात सात इकडेतिकडे. म्हणून ०.२एस क्लासचे, म्हणजे खूप अचूक, मीटर आणि त्याच क्लासचे सीटी (तारेतला करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) भाड्याने आणले, दोन्ही टोकांना बसवले, दोन्हीची घड्याळं एकत्र लावली आणि क्षणाचे किलोवॅट न बघता सलग सात दिवसांचे युनिट घेतले. सीटीची दिशा उलटी लागली म्हणून पहिले दोन दिवस वाया गेले, आर, वाय, बी या तीन फेजपैकी बी फेजचा करंट मायनस दाखवत होता. सीटीवरच्या पी१, पी२ या खुणा बघून लावा.

आठवड्याने जे आलं ते असं. रॅकमध्ये सर्व्हरच्या तोंडाशी ६००. यूपीएसमधून बाहेर पडतात ६१६, म्हणजे १६ किलोवॅट यूपीएसनंतर रॅकपर्यंतच्या वाटेत. यूपीएसमध्ये आत जातात ७०४, म्हणजे ८८ यूपीएसमध्येच. बाहेरच्या २२ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये १४. बेरीज ११८ किलोवॅट.

८८ किलोवॅट नुसते यूपीएस रूममध्ये! घरातला गिझर २ किलोवॅटचा धरला तर ४४ गिझर रात्रंदिवस, वर्षभर चालू, आणि त्यांनी तापवलेली खोली थंड ठेवायला वरून एसी. मी तो आकडा वहीत लिहिला आणि त्या खोलीत जाऊन उभा राहिलो. आठ वर्षं त्या खोलीत जात होतो, तिथे गरम हवा असते हे माहीत होतं, आवाज असतो हे माहीत होतं, पण तो पैसा आहे असं कधी वाटलं नव्हतं.

यात आमचा पीयूई (सेंटरची एकूण वीज भागिले आयटीला मिळणारी वीज) आम्ही समजत होतो तेवढा चांगला नाही हेही निघालं. आम्ही आयटी लोड म्हणून यूपीएसचं आउटपुट धरत होतो, एकूण १०६८ किलोवॅट भागिले ६१६, म्हणजे १.७३. पण यूपीएसनंतर जे गळतं तेही त्यात सर्व्हरच्या खात्यात जातं. रॅकवरचे ६०० धरले की १.७८ येतो. स्टँडर्डमध्ये तीन कॅटेगरी आहेतच, कॅटेगरी १ म्हणजे यूपीएस आउटपुटला मोजा, २ म्हणजे पीडीयूच्या (रॅकना वीज वाटणारं पॅनल) बाहेर, ३ म्हणजे थेट आयटीच्या तोंडाशी. १ मध्ये मोजणं चूक नाही, पण कुठल्या कॅटेगरीचा आकडा आहे ते सांगितल्याशिवाय दोन साइटची तुलना करू नका, त्याला अर्थ नाही.

आता एवढे जुने यूपीएस खराब होते का? नाही. ब्रोशरमध्ये त्यांची कार्यक्षमता ९२-९३ आहे आणि पूर्ण लोडला ती मिळतही असेल. पण डेटा सेंटरमध्ये पूर्ण लोड कधी येणारच नाही अशीच रचना असते. ए आणि बी दोन साइड, एक पूर्ण गेली तर दुसरीने सगळा लोड उचलायचा, म्हणजे कुठलीही साइड ५० टक्क्यांच्या वर न्यायचीच नाही. वर डिझाइन करताना 'पुढे लोड वाढेल' म्हणून तीन-तीन यूपीएस घेतले, आणि लोड तेवढा वाढला नाही. ट्रान्सफॉर्मरचा गाभा, फिल्टर, पंखे, कंट्रोल हे लोड असो नसो खाणारच. तो ठरलेला खर्च ३६० किलोवॅटच्या यूपीएसने १०० किलोवॅटवर वाटला की ८७-८८ टक्केच हातात पडतात. एसटी एवढी मोठी आणि प्रवासी दहा, डिझेल तर गाडीचं लागणारच.

यूपीएसनंतरच्या १६ पैकी ११ किलोवॅट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर खात होते. २५० केव्हीएचे आठ, प्रत्येक साइडला चार, ४१५ आत आणि ४१५ च बाहेर. हे का आहेत असं मी सगळ्यांना विचारत सुटलो. कोण म्हणे न्यूट्रल-अर्थ व्होल्टेजसाठी, कोण म्हणे हार्मोनिक्ससाठी, कोण म्हणे पहिल्यापासून आहेत. मग वाचायला बसलो. अमेरिकेत बिल्डिंगमध्ये ४८० व्होल्ट येतात आणि सर्व्हरला तिकडे २०८ देतात, म्हणून तिथे पीडीयूमध्ये ट्रान्सफॉर्मर लागतोच, त्याशिवाय व्होल्टेज उतरणार कसं. तिकडचे लोक तो ट्रान्सफॉर्मर काढायला धडपडतायत, कोणी ४१५/२४० वर जातंय, फेसबुकने २०११ साली त्यांच्या प्राइनव्हिलच्या डेटा सेंटरला थेट ४८०/२७७ सर्व्हरपर्यंत नेलं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे फेज टू न्यूट्रल २४० जन्मापासून आहे, सर्व्हरची पॉवर सप्लाय २०० ते २४० वर आरामात चालते. म्हणजे जे मिळवायला ते लोक एवढा खर्च करतायत ते आपल्याला आयतं मिळालेलं आणि आपण मध्ये परत ट्रान्सफॉर्मर घालून ठेवलेला. आपल्या नियमांप्रमाणे न्यूट्रल नीट अर्थ केलेला आहे, सर्व्हरची पॉवर सप्लाय आता पीएफसीवाली (करंटचा आकार सुधारणारी) आहे त्यामुळे थर्ड हार्मोनिकही पूर्वीसारखा न्यूट्रलमध्ये साठत नाही. मोजलं तर रॅकला न्यूट्रल-अर्थ १ व्होल्टच्या आतच होतं, आणि एक ट्रान्सफॉर्मर बायपास करून मोजलं तेव्हा दीड. कुठलाच सर्व्हर त्याने कुरकुरला नाही.

त्याच काळात थर्मल कॅमेरा घेऊन सगळे बसबार (रॅकच्या ओळींवरून वीज नेणाऱ्या पट्ट्या) आणि त्यातून रॅकला वीज काढणारे टॅप-ऑफ बॉक्स बघून काढले. बी साइडच्या तिसऱ्या ओळीत एक बॉक्स उघडला तर वाय आणि बी फेजचे लग (केबलच्या टोकाचे जोड) ४८ डिग्री आणि आर फेजचा ९४. स्क्रीनवर तो पांढरा ठिपका बघून काका एकदम मागे सरले. शटडाउन घेऊन उघडलं तर ॲल्युमिनियमचा लग थेट तांब्यावर आवळलेला, मध्ये दोन धातूंना जोडणारं बायमेटॅलिक काही नाही, स्प्रिंग वॉशर चपटा होऊन गेलेला आणि तांबं जांभळट काळं पडलेलं. बोट फिरवलं की काळी भुकटी येत होती. केबलचं इन्सुलेशन दोन बोटं मागपर्यंत कडक झालेलं, वाकवलं तर तडकलं. आता खरं सांगायचं तर त्या एका जॉइंटने वीज फार वाया जात नव्हती, फार तर काही वॅट. पण तो अजून वर्षभर तसाच राहिला असता तर काय झालं असतं हे मला लिहायचंही नाही. त्यानंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळून त्यावर पेंटची रेघ मारली, रेघ सरकली की बोल्ट सैल झाला हे नुसत्या नजरेने कळतं.

फेजचं बॅलन्सिंगही त्यातच केलं. एका बसबारवर आर फेजला १५० अँपिअर, वाय ८०, बी ९१, आणि न्यूट्रलमधून ६५ वाहत होते. कारण साधं, रॅक लावणारा माणूस पहिला मोकळा सॉकेट बघतो, फेज बघत नाही. लॉस करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (करंट दुप्पट तर लॉस चौपट) त्यामुळे तेवढाच लोड तिन्ही फेजवर १०७-१०७ वाटला असता तर त्या तारांमधला लॉस जवळजवळ एक षष्ठांशाने कमी झाला असता. एकूण केबलचा लॉसच ५ किलोवॅट होता, म्हणून पैशात फार नाही. पण दुसरी साइड गेली की आर फेज १५० ची ३०० होते आणि वरचा ट्रान्सफॉर्मर ३४८ अँपिअरचा, म्हणजे लोड अजून थोडा वाढला असता तर ऐन वेळी एका फेजमुळे पूर्ण बसबार ट्रिप. त्यासाठी बॅलन्सिंग करा, वीज वाचते तो वरचा फायदा.

पहिलं पाऊल फुकटातलं होतं. प्रत्येक साइडला तीनपैकी एक यूपीएस बंद ठेवायचा. दोन यूपीएस म्हणजे ७२० किलोवॅट, पूर्ण ६१६ चा लोड एका साइडला आला तरी पुरतात. लोड २८ वरून ४३ टक्क्यांवर जातो, कार्यक्षमता ९० पर्यंत. मी हे मांडलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. चालू असलेली मशीन स्वतःहून बंद करायची हे आमच्या धंद्यात कोणाच्या पचनी पडत नाही, आणि मला ते समजतं, कारण उद्या काही झालं तर 'बंद कोणी केला' एवढंच विचारलं जातं. दोन महिने मेल चालले. शेवटी एका रविवारी पहाटे क्लायंटना कळवून आम्ही पूर्ण लोड दोन यूपीएसवर एक तास चालवून दाखवला, मग परवानगी मिळाली. दोन्ही साइड मिळून वीसेक किलोवॅट वाचले, एक रुपया खर्च न करता. आणि डीजीवर कपॅसिटरही सहाचे चार झाले. या एका गोष्टीमुळे पुढच्या प्रपोजलला लोकांनी ऐकून घेतलं असं माझं मत आहे.

पुढचं प्रपोजल म्हणजे जुने सहाही काढून मॉड्युलर यूपीएस, ट्रान्सफॉर्मर नसलेले, नव्या पद्धतीच्या आयजीबीटी रेक्टिफायरवाले. यात मोठी चर्चा इको मोडवर झाली. इको मोडमध्ये लोड सरळ बायपासवरून चालतो, इन्व्हर्टर (डीसीची परत एसी करणारा भाग) नुसता तयार उभा असतो, कार्यक्षमता ९८-९९ मिळते, आकडा बघून फायनान्सवाले खूश. मी विरोध केला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर २२ केव्हीला डिप (क्षणभर व्होल्टेज पडणं) किती येतात ते लॉगमध्ये आहे, पाऊस सुरू झाला, कुठे फांदी पडली, कुठे इन्सुलेटर फ्लॅश झाला की झटका. प्रत्येक झटक्याला यूपीएसने काही मिलिसेकंदांत इको सोडून इन्व्हर्टरवर यायचं, सर्व्हरची पॉवर सप्लाय १०-२० मिलिसेकंद तग धरते हे बरोबर आहे, पण हे वर्षातून शेकडो वेळा करायचं कशासाठी? डबल कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे वीज कायम रेक्टिफायर आणि इन्व्हर्टरमधून जाते त्यात, ९६ मिळतायत. वरचे दोन-तीन टक्के मी सोडले आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. जिथे ग्रिड स्वच्छ आहे तिथे इको जरूर वापरा.

काम जानेवारी २०२२ मध्ये घेतलं, पावसाळ्याच्या आत दोन्ही साइड संपवायच्या होत्या. आधी बी साइड. सगळा लोड ए वर, बी पूर्ण मोकळी, मग जुने काढायचे. शनिवारी रात्री १ वाजता बी साइडचे रॅक पीडीयू ओळीने बंद करायला सुरुवात केली. प्रत्येक सर्व्हरला दोन कॉर्ड, एक ए ला, एक बी ला, त्यामुळे काही होणार नाही हे गृहीत. चौथ्या ओळीत ब्रेकर पाडला आणि एका रॅकमधले सगळे हिरवे दिवे एकदम विझले. पंख्यांचा आवाज खाली खाली येत थांबला. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पोटात गोळा येतो. एका क्लायंटचं स्टोरेज, दोन्ही कॉर्ड बी मध्येच लावलेल्या. ब्रेकर परत लावला, पण स्टोरेज वर यायला आणि त्यांचं ॲप्लिकेशन उभं राहायला सकाळ झाली.

चूक कॉर्ड लावणाऱ्याची होती असं म्हणून मला सुटता आलं असतं, पण ते तपासून घेणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. सोमवारी क्लायंटच्या कॉलवर तेच सांगितलं. काम तीन आठवडे थांबवलं. टॉर्च घेऊन दीडशे रॅक, प्रत्येक सर्व्हरच्या मागे, प्रत्येक कॉर्ड हाताने सॉकेटपर्यंत. ए साठी लाल कॉर्ड, बी साठी निळी, मागून बघितलं की एका नजरेत कळलं पाहिजे. दोन्ही कॉर्ड एकाच साइडला असलेले अजून ११ सर्व्हर सापडले आणि एकच कॉर्ड असलेली ९ उपकरणं, त्यांना रॅकमध्ये छोटे ट्रान्सफर स्विच दिले. म्हणजे इतकी वर्षं आमची ए आणि बी ही व्यवस्था या वीस जागी नुसती कागदावर होती. या प्रोजेक्टमधून जे काही मिळालं त्यात ही वीस जागा सापडणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

जुने यूपीएस बाहेर काढणं हे वेगळंच प्रकरण, एकेक अडीच-तीन टनांचा, फॉल्स फ्लोअरवर प्लेट टाकून रोलरवरून सरकवत दारापर्यंत, तिथून हायड्रा क्रेन. ते करणाऱ्या माणसांचं कौतुक वाटतं, एक इंचही कुठे घासला नाही.

नवीन बसले. प्रत्येक साइडला ५० किलोवॅटचे १६ मॉड्यूल. लोड टाकायच्या आधी भाड्याची लोड बँक (सर्व्हरऐवजी वीज खाणारा खोटा लोड) आणून २५, ५०, ७५, १०० टक्क्यांवर प्रत्येकी चार तास चालवले, तेच ०.२एस चे मीटर दोन्ही टोकांना. ५० ला ९६.२, २५ ला ९५ च्या आसपास. ब्रोशरमध्ये ९७ लिहिलं होतं, मी बिलासाठी माझ्या मीटरचाच आकडा धरायला लावला. लोड बँक नाही केली तर कमिशनिंग झालं असं म्हणू नका, दुसऱ्याच दिवशी दोन मॉड्यूल पूर्ण लोडला तापून ट्रिप झाले आणि बदलून मिळाले, हे खऱ्या लोडवर झालं असतं तर?

यात मॉड्यूल झोपवायची सोय असते, लोड कमी असेल तर काही मॉड्यूल स्टँडबायला जातात आणि बाकीच्यांवर लोड वाढून कार्यक्षमता सुधारते. कागदावर ३०५ किलोवॅटला ७ मॉड्यूल पुरतात. पण दुसरी साइड गेली तर त्याच क्षणी ३०५ चे ६१० होणार आणि झोपलेला मॉड्यूल उठेपर्यंत जागे असलेल्यांनीच ते पेलायचं, ७ जण ६१० कसे पेलणार. म्हणून पहिले सहा महिने एकालाही झोपवलं नाही, मग १२ जागे आणि ४ झोपलेले असं सेट केलं. बारा म्हणजे ६००, वरचे दहा किलोवॅट ते ओव्हरलोडमध्ये सहज घेतात तोवर बाकीचे येतात. रोज लोड ५१ टक्के, जिथे त्यांची कार्यक्षमता सगळ्यात चांगली आहे तिथेच.

आठपैकी सहा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काढले. ए साइड एप्रिलच्या शेवटाला संपली. नंतर परत सात दिवस मोजलं, यूपीएसमध्ये ८८ चे २५, यूपीएसनंतर १६ चे ९, बाहेरचे ट्रान्सफॉर्मर १४ चे १३. म्हणजे ११८ चे ४७. आणि तेवढी उष्णता कमी झाली म्हणून कूलिंग ३३० वरून ३१० वर आलं. एकूण ९१ किलोवॅट, वर्षाचे जवळजवळ ८ लाख युनिट, हिशोबाला ८ रुपये धरले तरी ६४ लाखांच्या आसपास. पीयूई १.७८ चा १.६३, आता कॅटेगरी ३ चा. क्लायंटच्या सर्व्हरला यातलं काहीही जाणवलं नाही, ते आधी होते तिथेच, ६०० किलोवॅट.

जूनमध्ये मेन्स फेल ड्रिल घेतली. २२ केव्हीचा ब्रेकर आम्हीच पाडला, मी आणि काका डीजी पॅनलसमोर उभे. नवीन रेक्टिफायरला ते मोठे कपॅसिटर नाहीत. व्होल्टेज ४१५, ४१७, ४१६. यूपीएस एकेक करून आले आणि चिलर त्यांच्या वेळेला आपोआप सुरू झाले. काका म्हणाले, "आता पंपाला हात लावायला नको, सर." आणि लॉगबुकात वेळ लिहायला गेले.

दोन ट्रान्सफॉर्मर अजून बसलेले आहेत. एका क्लायंटच्या करारात आयसोलेशन असं स्पष्ट लिहिलंय आणि त्यांची टीम ते बदलायला अजून तयार नाही. न्यूट्रल-अर्थची तीन महिन्यांची रीडिंग्ज काढून त्यांना पाठवली आहेत, पुढच्या रिन्यूअलला परत बसणार आहोत.